‘बरं आहे ना?’ याच्या पुढचा प्रश्न

कोल्हापुरातलं शिवाजी उद्यमनगर असो, शिरोली असो की गोकुळ शिरगाव, कारखान्यात शिरलं की भिंतीवर कुठंतरी पांढरी पेटी टांगलेली असते. कापूस, पट्टी, भाजल्यावर लावायचं मलम. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४५ व्या कलमानं ती सक्तीची केली. दर दीडशे कामगारांमागे निदान एक पेटी, आणि ती ज्याच्या ताब्यात आहे त्यानं प्रथमोपचाराचं शिक्षण घेतलेलं हवं, असं त्यात होतं. त्यामुळं फौंड्रीत कुणाला चटका बसला तर गोंधळ उडत नाही. हात वाहत्या पाण्याखाली धरायचा, अंगठी-घड्याळ काढायचं, दवाखान्यात न्यायचं. पाचवी शिकलेल्या हेल्परलाही हे ठाऊक असतं.

त्याच कारखान्याच्या वरच्या मजल्यावर पगारपत्रक करणारा माणूस तीन आठवडे नीट झोपलेला नसेल, तर काय करायचं हे मात्र मॅनेजरलाही सुचत नाही. आठवड्याला ७० तास काम करा, ९० तास करा, अशी विधानं मधल्या काळात गाजली. जागतिक मानसिक आरोग्य दिन १० ऑक्टोबरला असतो, २०२४ साली त्याचा विषयच कामाच्या ठिकाणचं मानसिक आरोग्य हा होता. अशा चर्चांमधून ‘मेंटल हेल्थ फर्स्ट एड’, म्हणजे मनाचा प्रथमोपचार, हा शब्द आता आपल्याकडच्या ऑफिसांतही ऐकू येतो. बहुतेकांचा समज असा, की योगासनं, प्राणायाम किंवा एखादं प्रेरणादायी व्याख्यान असणार. तसं ते नाही. मी दोन दिवस बसून हे प्रशिक्षण घेतलं आहे. त्याआधी मी काय चुकले, हेही मला आता कळतं.

शाहूपुरीतलं आमचं ऑफिस

मी एका कर सल्लागाराकडे काम करते. माझ्या शेजारच्या टेबलावर एक काका बसतात. पन्नाशी ओलांडलेले, आकड्यांना पक्के. दुपारी भाकरी आणि खर्डा काढला की पहिला तुकडा दुसऱ्याला देणारे. एका वर्षी मार्चअखेरीच्या गडबडीत त्यांचा डबा उघडेनासा झाला. जेवायच्या वेळी ते खाली पानपट्टीपाशी जाऊन उभे राहायचे. मी एकदा म्हटलं, “काका, टेन्शन घेऊ नका. संध्याकाळी रंकाळ्यावर एक फेरी मारा, बरं वाटेल.” ते हसले आणि “व्हय व्हय” म्हणाले. मला वाटलं, मी माझं काम केलं.

खरं तर मी दार लावून घेतलं होतं. त्यांनी काही सांगायच्या आत मी उपाय सांगून मोकळी झाले होते.

मग हा प्रथमोपचार म्हणजे काय?

एखाद्याच्या मनाचा त्रास वाढत चालला असेल किंवा अचानक उफाळून आला असेल, तर त्याला योग्य उपचार मिळेपर्यंत भोवतालच्या माणसानं दिलेला आधार, एवढाच त्याचा अर्थ. ही कल्पना ऑस्ट्रेलियातली. बेटी किचनर आणि त्यांचे पती टोनी जॉर्म या दोघांनी २००० साली ती सुरू केली. किचनर शिकवण्याचं काम करणाऱ्या परिचारिका, नैराश्याचा अनुभव स्वतः घेतलेल्या. जॉर्म मानसिक आरोग्याचे संशोधक. मूळ अभ्यासक्रम नऊ तासांचा, नंतर तो बारा तासांचा झाला. पुढं तो वीसहून अधिक देशांत गेला.

यात रोगाचं निदान करायला शिकवत नाहीत. समुपदेशक होण्याचंही ते शिक्षण नाही. जवळ जाणं, विचारणं, ऐकणं, खरी माहिती देणं आणि पुढच्या मदतीपर्यंत पोचवणं, एवढंच त्यात असतं. पट्टी बांधणाऱ्याला हाड जोडता येत नाही, येण्याची गरजही नसते. हाड मोडलंय अशी शंका आली की हात हलवायचा नाही, एवढं त्याला कळलं तरी खूप झालं.

पुराच्या छावण्यांत जी मदत देतात तिलाही मनाचा प्रथमोपचार म्हणतात. २०१९ च्या महापुरात घरं पाण्याखाली गेलेल्या माणसांना लगेच हवा असतो तो धीर, सुरक्षित जागा, घरच्यांशी संपर्क. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ साली त्यासाठी एक पुस्तिका काढली: बघा, ऐका, जोडून द्या. ती आपत्तीनंतरच्या पहिल्या दिवसांसाठी आहे. ऑफिसात लागतं ते रोजच्या, हळूहळू चढणाऱ्या पाण्यासाठी.

पाणी किती फुटांवर आहे?

पाण्याचं निघालंच आहे तर पंचगंगेकडेच बघू. जुलै उजाडला की कोल्हापुरात प्रत्येकाच्या मोबाइलवर राजाराम बंधाऱ्याची पातळी फिरत असते. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. नदीकाठची माणसं ४३ ची वाट बघत नाहीत. ३९ ला जनावरं सोडवतात, सामान माळ्यावर चढवतात. आणि २० फुटांवर कुणी घर सोडत नाही.

मनाचंही असंच मोजता येतं. रिटर्न भरायची २० तारीख जवळ आली की चिडचिड होते, तारीख गेली की उतरते. हे नदीचं नेहमीचं पाणी. पण तारीख गेली, काम हलकं झालं, तरी माणूस उतरत नाही, आणि हे दोन आठवडे रोज, दिवसाचा बराच वेळ चाललंय, तर ती इशारा पातळी समजायची. दोन आठवडे ही मुदत मी मनानं धरलेली नाही. नैराश्याचं निदान करताना डॉक्टरही तीच धरतात.

बघायचं काय? प्रशिक्षणात लक्षणांची यादी देतात, पण मला त्यातलं एक सूत्र जास्त उपयोगी वाटलं: माणसाची तुलना त्याच्याशीच करायची. अबोल माणूस अबोल असेल तर काहीच नाही. बडबड्या माणूस अबोल झाला तर बघायचं. पतसंस्थेतला वसुलीचा माणूस अचानक फोन उचलेनासा होतो. रोज वेळेवर येणारी बाई आठवड्यातून तीनदा उशिरा येते. कुणाचं पिणं वाढतं. कुणाला सारखं डोकं, पाठ, पोट दुखतं आणि तपासण्यांत काहीच सापडत नाही. हे शेवटचं आपल्याकडे फार. ‘मन दुखतंय’ म्हणायला जागा नसते, म्हणून पाठ दुखते.

आणि धोका पातळी म्हणजे जिवाचा प्रश्न. त्याकडे येतेच.

विचारायचं कसं?

प्रशिक्षणातला अर्ध्याहून जास्त वेळ यातच गेला आणि तेच बरोबर होतं. दोन खुर्च्या समोरासमोर न ठेवता जराशा तिरक्या ठेवायच्या, म्हणजे समोरच्याला सारखं डोळ्यांत बघावं लागत नाही. जागा अशी की तिसऱ्याला ऐकू जाणार नाही. आपल्याला निदान अर्धा तास मोकळा हवा. ‘कसं काय, बरं आहे ना?’ हा प्रश्न नाही, तो रामराम आहे. त्याला ‘बरं आहे’ हेच उत्तर येणार. त्यापुढं जायचं तर आपल्याला जे दिसलं ते सांगायचं, निष्कर्ष सांगायचा नाही.

मी परत काकांकडे गेले ती अशी. सगळे गेल्यावर, संध्याकाळी साडेसहाला.

“काका, पंधरा-वीस दिवस बघतेय. तुम्ही डबा उघडत नाही. जीएसटीच्या आकड्यात तुमची चूक मी कधी बघितली नव्हती, या महिन्यात दोनदा झाली. मला काळजी वाटते. काय चाललंय?”

“काय न्हाय ओ ताई. वय झालं.”

पूर्वीची मी इथं ‘अहो कसलं वय’ म्हणून हसले असते. या वेळी गप्प राहिले. गप्प राहणं शिकावं लागतं हे मला चाळिशीत कळलं. खालचा पोरगा दोन चहा ठेवून गेला. चहावर साय धरली तरी दोघांनी हात लावला नव्हता. मग ते बोलले. “झोपच येत न्हाय. दोनला उठतोय ते उठतोय. बायकोला कळू नये म्हणून सोप्यात जाऊन बसतोय.”

पुढची वीस मिनिटं ते बोलले. मी मधे फार तर ‘मग?’ आणि ‘हे एकट्यानं सोसलंत’ एवढंच म्हटलं.

काय म्हणायचं नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. कुणाला फिट आली की आपल्याकडे कुणीतरी चप्पल नाहीतर कांदा घेऊन धावतो. हेतू चांगला, उपयोग शून्य. मनाच्या बाबतीत आपण तीच चप्पल तोंडानं लावत असतो: ‘तुला काय कमी आहे?’ ‘आमच्या वेळी याहून वाईट होतं.’ ‘गडीमाणसानं असं रडायचं?’ ‘मनावर घेऊ नको.’ तालमीच्या गावात वाढलेल्या पुरुषांना तर लहानपणापासून शिकवलेलं असतं की पाठ मातीला लावायची नाही. अशा माणसानं तोंड उघडलं की आपलं काम फक्त तोंड न उघडण्याचं.

प्रशिक्षणात एक खेळ घेतला होता, तो मी विसरणार नाही. तिघांचा गट. दोघं मुलाखतीसारखं बोलतात, तिसरा कागदाची सुरळी करून एकाच्या कानात सतत कुजबुजत राहतो: ‘ते तुला हसतायत. उत्तर देऊ नको.’ कानात कुजबुज सुरू असलेली मी होते. दोन मिनिटांत मला माझा पत्ता नीट सांगता येईना. ज्यांना खरोखर असे आवाज ऐकू येतात त्यांना आपण ‘लक्ष कुठं आहे तुझं?’ म्हणतो, हे त्या दिवशी लागलं.

अचानक श्वास कोंडला तर

मीटिंगमध्ये कुणाच्या तरी छातीत धडधडतं, हातपाय गार पडतात, घाम फुटतो, ‘मी आता मरतो’ असं वाटतं. याला पॅनिक अटॅक म्हणतात, म्हणजे भीतीचा झटका. साधारण दहा मिनिटांत तो टोकाला पोचतो आणि मग ओसरतो. पण हृदयविकाराचा झटकाही असाच दिसू शकतो आणि आपण डॉक्टर नाही. त्या माणसाला पूर्वी असे झटके आलेले आहेत आणि हा तसाच आहे, अशी खात्री नसेल तर १०८ ला फोन करायचा. उगीच बोलावलं असं कुणी म्हणत नाही. तोवर शेजारी बसायचं, गर्दी हटवायची, हळू आवाजात बोलायचं, आपण स्वतः सावकाश श्वास घ्यायचा म्हणजे त्याला लय धरता येते. तोंडाला कागदाची पिशवी लावायचा जुना उपाय आता करायला सांगत नाहीत. श्वास लागण्याचं कारण हृदयात किंवा फुप्फुसात असेल तर तो अंगाशी येतो.

जिवाचा प्रश्न सरळ विचारायचा

इथं प्रत्येकाचे पाय अडखळतात. ‘विचारलं आणि नसलेला विचार त्याच्या डोक्यात घातला तर?’ ही भीती खोटी आहे. आत्महत्येबद्दल विचारल्यानं तो विचार वाढत नाही, असंच आजवरचं संशोधन सांगतं. उलट, इतके दिवस एकट्यानं डोक्यात फिरवलेली गोष्ट कुणीतरी नाव घेऊन विचारली, याचाच अनेकांना सुटकारा वाटतो. म्हणून आडून विचारायचं नाही. ‘काही वेडंवाकडं तर मनात नाही ना?’ यात नकार आपणच पढवून ठेवलेला असतो.

मी काकांना विचारलं, “काका, जगू नये असं वाटतं का? जीव द्यायचा विचार येतो का?” माझा आवाज कापत होता. ते बराच वेळ खिडकीकडे बघत राहिले. “जीव द्यावा असं न्हाय. पण सकाळ होऊ नये असं वाटतंय.”

हे वाक्य हलकं समजायचं नाही. त्यांनी तसा बेत आखलाय का, हेही मी विचारून घेतलं. नव्हता. असता, तर मी त्यांना क्षणभरही एकटं सोडलं नसतं. घरच्यांना बोलावलं असतं, इजा करता येईल असं जे काही हाताशी असेल ते दूर केलं असतं आणि थेट इस्पितळ गाठलं असतं. अशा वेळी ‘कुणाला सांगणार नाही’ ही शपथ घालून घ्यायची नाही. बाकी सगळं गुपित राहील, जीव धोक्यात असेल तर राहणार नाही, हे आधीच प्रेमानं सांगायचं.

कायद्याचीही भीती नको. पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या ११५ व्या कलमानं हे बदललं. असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायचं, त्याच्यावर खटला नाही, उलट त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी.

पुढं कुठं न्यायचं?

पहिलं, फोन. १४४१६ हा टेली मानस या सरकारी सेवेचा क्रमांक, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, दिवसरात्र, फुकट, मराठीतही. आपल्याला स्वतःला त्रास नसेल, पण सहकाऱ्याशी कसं बोलावं हे कळत नसेल, तरीही लावता येतो.

दुसरं, घराजवळचे नेहमीचे डॉक्टर. थायरॉइडचं दुखणं किंवा ब-१२ ची कमतरता हुबेहूब नैराश्यासारखी दिसू शकते, ती तपासायलाच हवी. तिसरं, मानसोपचारतज्ज्ञ. हे डॉक्टर असतात, औषध लिहून देतात. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलण्यातून उपचार करतात, औषध देत नाहीत. पुष्कळांना दोन्ही लागतं. कोल्हापुरात सीपीआरमध्ये, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, मानसोपचार विभाग आहे. खासगी डॉक्टरही आहेत. आपल्याकडे मानसोपचार म्हटलं की लोकांना एकदम रत्नागिरी आठवते, कारण राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक तिथं आहे. पण या त्रासापैकी बहुतेकांना भरती व्हावंच लागत नाही. केसपेपर काढायचा, दाखवायचं, संध्याकाळी घरी.

नैराश्यावरच्या गोळ्यांची सवय लागते, ही शंका हमखास निघते. झोपेच्या गोळ्यांशी त्यांची गल्लत होते. नैराश्यावरच्या गोळ्यांची नशा नसते. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि त्या मनानं एकदम बंद करायच्या नाहीत, हे दोन मुद्दे घरच्यांना सांगून ठेवावेत. ‘आधी जोतिबाला जाऊन येतो’ असं कुणी म्हणालं तर वाद घालू नये. जोतिबालाही जावं, डॉक्टरांकडेही जावं. दोन्ही वाटा एकाच घरातून निघतात.

विमा असेल तर विचारावं. त्याच २०१७ च्या कायद्याप्रमाणे शरीराच्या आजारांना जसं विम्याचं संरक्षण, तसंच मनाच्या आजारांनाही द्यावं लागतं.

“हे डॉक्टरांचं काम आहे, आमचं नाही”

डॉक्टरांपर्यंत माणूस पोचतच नाही, हीच तर अडचण आहे. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेनं २०१५-१६ साली बारा राज्यांत मोठी पाहणी केली. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण चित्र फार वेगळं असेल असं मला वाटत नाही. शंभरातल्या सुमारे दहा प्रौढांना त्या वेळी काही ना काही मानसिक आजार होता, आणि आजाराप्रमाणे ७० ते ९२ टक्के माणसं उपचारांबाहेर होती. दिवसाचे नऊ तास जो शेजारी बसतो त्याला हे आधी दिसतं. घरी माणूस चेहरा सावरून जातो.

“उद्या सगळ्या ऑफिसात झालं तर?”

ही शंका मला सगळ्यांत रास्त वाटते. शाहूपुरीत एका टोकाला बोललेलं दुसऱ्या टोकाला चहाच्या आधी पोचतं. म्हणून प्रथमोपचार देणारा माणूस मालकानं नेमून चालत नाही. ज्याच्याकडे लोक आपण होऊन बोलायला जातात त्यानंच शिकावं, मग तो शिपाई का असेना. वरिष्ठाला सांगायचं ते फक्त त्या व्यक्तीच्या परवानगीनं आणि कामापुरतं: ‘त्यांना चार दिवस रजा हवी, तब्येत बरी नाही.’ आजाराचं नाव सांगायची गरज नाही. आणि बढतीच्या वेळी हे कुणी उकरून काढणार असेल तर अशा ऑफिसात प्रशिक्षण घेऊ नये. आधी तो माणूस बदलावा.

“कामाचा बोजा तसाच, आणि वर हे प्रशिक्षण?”

हा राग खरा आहे आणि मी त्याच्या बाजूनं आहे. चार माणसांचं काम दोघांवर टाकायचं, रविवारी फोन करायचे, आणि मग एक दिवस शिबिर घ्यायचं, हे म्हणजे मशीनचं गार्ड काढून ठेवायचं आणि मलमाची पेटी मोठी करायची. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ साली कामाच्या ठिकाणासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांतही कामाची रचना सुधारणं आणि व्यवस्थापकांना शिकवणं या गोष्टींवर भर आहे. नैराश्य आणि चिंता यांमुळं जगात वर्षाला १२ अब्ज कामाचे दिवस बुडतात, असा त्याच संघटनेचा हिशेब आहे. मालकाला माणुसकीची भाषा पटत नसेल तर ही तरी पटावी.

“याचा उपयोग होतो हे सिद्ध झालंय का?”

अर्धवट. शिकणाऱ्याची समज वाढते, आजाराबद्दलचे गैरसमज कमी होतात, बोलायचा धीर येतो, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. पण ज्याला मदत केली त्याची प्रकृती त्यामुळं सुधारते का, याचं ठोस उत्तर अजून हाती नाही. कॉक्रेन या संस्थेनं २०२३ साली सगळे अभ्यास एकत्र तपासले आणि निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नाही, असंच म्हटलं. कुणी हे प्रशिक्षण रामबाण म्हणून विकत असेल तर त्याला हे विचारावं. तरी मी ते घ्यायला सांगते, कारण दुसऱ्या पारड्यात ‘रंकाळ्यावर एक फेरी मारा’ हे माझं वाक्य आहे.

एक मात्र प्रशिक्षणात कमी सांगितलं असं मला वाटतं. ऐकणाऱ्याच्याही मनाला ते लागतं. काकांशी बोलले त्या रात्री मला झोप नव्हती. दुसऱ्या दिवशी मीच १४४१६ लावला आणि नावगाव न सांगता दहा मिनिटं बोलले. हे प्रत्येकानं करावं. एकट्यानं कुणाचं ओझं घेऊ नये, आणि आपल्या हातून सगळं होईल असंही धरू नये.

काका आता बरे आहेत. गोळ्या डॉक्टरांनी हळूहळू कमी करत बंद केल्या. हा लेख लिहू का, म्हणून मी त्यांना विचारलं. “लिहा की,” म्हणाले, “फक्त नाव घालू नका.” मग मी त्यांना विचारलं, त्या संध्याकाळच्या माझ्या कुठल्या प्रश्नाचा उपयोग झाला? त्यांनी जरा विचार केला. “प्रश्न काय आठवत न्हाय ओ ताई. तुम्ही दुसऱ्या दिवशी रजा टाकून सीपीआरला केसपेपरच्या रांगेत माझ्याबरोबर उभ्या राहिलात, ते आठवतंय. मी एकटा असतो तर रांगेतनंच परत गेलो असतो.”